कैरोचे म्हातारे घोडे



‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण माणसाच्या कृतघ्नपणाला उद्देशून वापरतो. पण या म्हणीचा सर्वांत मोठा पुरावा पाहायचा असेल तर तो माणसामाणसांच्या व्यवहारात शोधू नये. माणसाने घोड्याशी केलेल्या व्यवहारात शोधावा. इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथाचे पान उलटा, घोडा तेथे आहेच. तो दौडतो आहे, नदी ओलांडतो आहे, गड वेढतो आहे. आपल्या मराठ्यांच्या इतिहासातून घोडा वजा केला तर काय उरेल, हे मी सांगायला नको. शिलेदार आणि बारगीर हा भेदच मुळी घोडा कोणाचा यावर उभा होता. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार, सरकारी पागेचा घोडा घेईल तो बारगीर. परंतु हाच घोडा म्हातारा झाला, लंगडा झाला, आंधळा झाला म्हणजे कोठे जातो? तेथे बखरकार गप्प बसतो आणि इतिहासकारही पान उलटून पुढे जातो.

आज त्या न उलटलेल्या पानाकडे आपण जरा पाहू. मी आपणांस इजिप्त देशातील कैरो शहरात नेणार आहे. काळ आहे पहिल्या महायुद्धानंतर बारा वर्षांचा.

त्याआधी युद्धाचा थोडा वृत्तांत सांगितला पाहिजे. १९१४ ते १९१८ चे युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा, खंदक आणि विषारी वायू येतात. पण ते युद्ध चालले होते घोड्यांच्या आणि खेचरांच्या पाठीवर. तोफा ओढायच्या त्यांनी, दारूगोळा वाहायचा त्यांनी, जखमी न्यायचे त्यांनी. १९१७ साली ब्रिटिश सैन्याच्या पदरी आठ लाखांहून अधिक घोडे व खेचरे होती. युद्धाच्या चार वर्षांत ब्रिटिश बाजूचे मेलेले घोडे पाच लाखांच्या जवळ जातात. गोळीने मेले त्यांहून थंडीने, चिखलाने, भुकेने आणि रोगाने मेले ते अधिक.

पॅलेस्टाइनच्या आघाडीवर तर घोडदळानेच लढाई मारली. जनरल ॲलनबी यांच्या हाताखालील ‘डेझर्ट माउंटेड कोअर’मध्ये इंग्रज होते, ऑस्ट्रेलियन होते, न्यूझीलंडचे होते आणि आपले हिंदी स्वारही होते. आपल्या पुण्याचे नाव धारण करणारी ‘पूना हॉर्स’ ही पलटण त्यांत होती; ‘डेक्कन हॉर्स’ होती. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या स्वारांनी भाले पेलून हैफा शहर घेतले. दिल्लीच्या ‘तीन मूर्ती’ या लढवय्यांच्याच स्मरणार्थ उभ्या आहेत. त्या आधी वर्षभर, ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी, ऑस्ट्रेलियन स्वारांनी बीरशेबा गावावर घातलेला छापा प्रसिद्धच आहे. त्या छाप्याची निकड काय होती? पाणी. कित्येक घोड्यांच्या तोंडाला दीड-दोन दिवस पाणी लागलेले नव्हते, आणि विहिरी होत्या गावात. सूर्य मावळायच्या आत गाव पडले नसते तर सगळी फौजच तहानेने माघारी वळली असती. तहानलेले घोडे धावले, आणि गाव पडले.

हे ऑस्ट्रेलियन घोडे ‘वेलर’ या नावाने ओळखले जात. न्यू साउथ वेल्स या प्रांताच्या नावावरून ते नाव पडले. हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेसाठी हे घोडे एकोणिसाव्या शतकापासून जहाजांनी आपल्या बंदरांत उतरत. काटक, लांब पल्ल्याचे, कमी पाण्यावर तगणारे असे हे जनावर होते.

आता युद्ध संपले. माणसे घरी निघाली. घोड्यांचे काय करायचे? युद्धाच्या काळात एक लाख छत्तीस हजार घोडे ऑस्ट्रेलियाने परदेशी पाठवले. त्यांतला मायदेशी परतला फक्त एक! त्याचे नाव ‘सॅण्डी’. गॅलिपोलीला जखमी होऊन मरण पावलेल्या जनरल ब्रिजेस यांचा तो घोडा. बाकीच्यांना परत न नेण्याची कारणे सरकारपाशी तयार होती: जहाजे नाहीत, खर्च परवडत नाही, आणि परदेशातील रोग देशात येईल. ही कारणे खोटी होती असे नव्हे. सरकारची कारणे बहुधा खरीच असतात. ती अपुरी असतात एवढेच. ऑस्ट्रेलियनांपाशी तेरा हजार घोडे शिल्लक होते. त्यांतले दोन हजार निकामी ठरवून काढून टाकण्यात आले. अकरा हजार विकले, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेकडे आले. म्हणजे पॅलेस्टाइनचे वाळवंट तुडवलेल्या घोड्यांच्या टापा पुढे आपल्या छावण्यांतूनही वाजल्या आहेत.

पण सर्वांच्या वाट्याला छावणी आली नाही. ब्रिटिश फौजेने इजिप्तमध्ये हजारो घोडे स्थानिक लोकांना विकून टाकले. सोळा-सतरा रुपयांचे भांडे मोडीत काढावे तसे ते हिशेबातून वजा झाले. युरोपातही तेच झाले. फ्रान्स-बेल्जममधले कितीतरी घोडे शेतकऱ्यांना गेले आणि कितीतरी खाटकांना. युद्धखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी घोडे परत आणण्याच्या कामातील दिरंगाईबद्दल अधिकाऱ्यांना फैलावर घेतले, तेव्हा कोठे युरोपातले हजारो घोडे इंग्लंडला परतले. इजिप्तच्या घोड्यांसाठी कोणी बोलले नाही.

१९३० साली जेफ्री ब्रूक नावाचे लष्करी अधिकारी कैरोतील ब्रिटिश घोडदळाच्या ब्रिगेडचे प्रमुख म्हणून गेले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, डोरोथी ब्रूक. बाईंचे वय तेव्हा सत्तेचाळीस. मोठ्या अधिकाऱ्याची बायको परदेशी गेली म्हणजे तिचे आयुष्य कसे जाते हे आपणांस ठाऊक आहे. मेजवान्या, पोलोचे सामने, सायंकाळचा चहा. बाईंना मात्र एक प्रश्न छळत होता. युद्धात विकलेले ते घोडे कोठे आहेत? बारा वर्षे लोटली. मेले असतील, असे सगळे म्हणत. बाईंनी शोध घ्यायचे ठरवले.

शोध फार दूर घ्यावा लागला नाही. कैरोच्या प्राणिरक्षक संस्थेच्या तबेल्यात त्यांना पहिला घोडा दिसला. उंच, लालसर रंगाचा, एके काळी जातिवंत असलेला. आता हाडांचा सापळा. त्याला बाईंनी ‘ओल्ड बिल’ म्हणावयास सुरुवात केली. मालकाशी घासाघीस करून त्यांनी तो विकत घेतला. तो बरा होण्यासारखा नव्हता. त्याला मऊ पेंढ्याची बिछायत दिली, पोटभर दाणा-पाणी दिले, काही दिवस विसावा दिला आणि मग शांतपणे मरण दिले. एका घोड्याची ही गोष्ट येथे संपते. पण बाईंच्या आयुष्याचे काम येथून सुरू झाले. कारण ‘ओल्ड बिल’ एकटा नाही हे त्यांना कळून चुकले होते.

ओळखायचे कसे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. फौजेच्या घोड्याच्या अंगावर डाग देऊन सरकारी खूण उमटवलेली असते, बाणाच्या टोकासारखी. मालक बदलतो, नाव बदलते, खोगीर जाऊन छकडा येतो. डाग जात नाही. कैरोच्या गल्ल्यांतून, दगडांच्या खाणींतून, वाळू-विटांच्या गाड्यांपुढून बाई हा डाग शोधीत फिरू लागल्या. आणि तो त्यांना जागोजाग सापडू लागला. त्या घोड्यांपैकी वीस वर्षांच्या आतला एकही नव्हता. कोणी आंधळे, कोणी पायांनी अधू, कोणाच्या पाठीवर साजाने पडलेल्या न भरणाऱ्या जखमा.

बाईंनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते एप्रिल १९३१ मध्ये छापून आले. पत्रात अलंकार नव्हते. युद्धात आपल्यासाठी राबलेले शेकडो घोडे येथे अजून जिवंत आहेत, म्हातारे आहेत, हाल सोसत आहेत. त्यांना विकत घेऊन त्यांची सुटका करण्यास हातभार लावा, एवढीच विनंती होती. पत्राचा परिणाम मात्र विलक्षण झाला. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून पैसे येऊ लागले. याचे कारण उघड आहे. युद्धाच्या प्रारंभी सरकारने गावोगावचे घोडे सक्तीने नेले होते. कोणाचा नांगराचा, कोणाचा गाडीचा, कोणाच्या मुलांच्या लाडाचा. ते घोडे परत आले नव्हते. ‘आमचाच तर नसेल?’ हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल.

तीन वर्षांत ब्रूकबाई आणि त्यांच्या समितीने पाच हजार घोडे विकत घेतले.

आता, सभ्य गृहस्थहो, येथे आपण टाळ्या वाजवून थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. कारण या पाच हजारांपैकी बहुतेक घोडे जगवले गेले नाहीत. ते इतके थकलेले आणि इतके मोडलेले होते की, त्यांना वाचवणे म्हणजे त्यांचे हाल लांबवणे झाले असते. त्यांना काही दिवस विसावा मिळाला आणि मग मरण मिळाले. आपल्या मनाला हे खुपते. जीव वाचवायला घेतला आणि मारून टाकला, ही कसली दया? आपल्याकडची पांजरपोळाची कल्पना यापेक्षा वेगळी आहे. पांजरपोळात आलेला जीव आपल्या आयुष्याने जातो. माणूस त्यात हात घालीत नाही. दोन्ही दृष्टींमागे करुणाच आहे. एक म्हणते, ‘त्याचे दुःख संपव’. दुसरी म्हणते, ‘त्याचा जीव तुझा नव्हे’. हा वाद येथे मिटवण्याचा माझा अधिकार नाही. मी एवढेच म्हणेन की, ब्रूकबाईंनी तो निर्णय दूर बसून घेतला नाही. घोड्यांजवळ उभे राहून घेतला, आणि घेताना त्यांना सुख झाले नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती निराळी. या घोड्यांचे मालक कोण होते? राक्षस नव्हते. ते हातावर पोट असलेले गाडीवान होते. घोडा मेला की त्यांच्या घरी चूल पेटायची बंद. स्वतःला डॉक्टर मिळत नाही, तो घोड्याला कोठून आणणार? म्हणून बाई घोडा घेताना मालकाला दुसरे जनावर घेता येईल अशी किंमत देण्याचा प्रयत्न करीत. पण याचाही अर्थ पाहा. एक घोडा सुटला की दुसरा जुंपला जाणार! घोडा विकत घेण्याने एका घोड्याचा प्रश्न सुटतो. घोड्यांचा सुटत नाही. आणि जुन्या लष्करी घोड्यांची पिढी तर संपतच आली होती. त्यांच्यामागे इजिप्तचीच हजारो घोडी, खेचरे आणि गाढवे त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याखाली उभी होती. त्यांच्या अंगावर कोणत्याही राजाचा डाग नव्हता, म्हणून त्यांचे दुःख कमी होते काय?

१९३४ साली ब्रूकबाईंनी कैरोत ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ स्थापन केले. कैरोत राबणाऱ्या कोणाही गरिबाच्या घोड्याला किंवा गाढवाला तेथे विनामूल्य उपचार मिळतील, असे वचन दिले. माझ्या मते त्यांच्या कार्याचा खरा कळस पाच हजार घोड्यांची खरेदी हा नव्हे. हे रुग्णालय होय. स्मारक म्हणजे पुतळा उभारायचा, फुले वाहायची, अशी आपली समजूत. या बाईने मेलेल्या घोड्यांचे स्मारक जिवंत घोड्यांच्या पायांना नाल ठोकून आणि पाठीवरच्या जखमा धुऊन केले. १९५५ साली त्या कैरोतच वारल्या आणि तेथेच त्यांना पुरले. त्यांच्या नावाची संस्था आज आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत काम करते. भारतातल्या वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांपर्यंत तिचे हात पोचले आहेत.

आता प्रश्न उरतो कायमच्या घराचा. सुटका ही एका दिवसाची गोष्ट आहे. घर ही वीस वर्षांची. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याच्या कामाची वर्षे त्यांतली निम्मी. उरलेली वर्षे त्याला कोणी पोसायचे? मध्यम अंगाच्या घोड्याला रोज आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते. दीड-दोन महिन्यांनी त्याचे खूर तासावे लागतात. नाहीतर ते वाढून पाय वाकडे होतात. दात सतत वाढत असतात. त्यांना धार आली की गाल सोलतात आणि घास चावता येत नाही. समोर चंदीचा तोबरा भरलेला असून घोडा उपाशी मरतो! दया वाटणे सोपे. नालबंदाला दर दोन महिन्यांनी बोलावणे अवघड.

इंग्लंडात या प्रश्नावर विचार सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८२२ साली रिचर्ड मार्टिन यांच्या खटपटीने गुराढोरांना व घोड्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध तेथे कायदा झाला. १८२४ साली प्राणिरक्षक संस्था निघाली. पण कायदा मारणाऱ्याचा हात धरू शकतो; म्हाताऱ्याला गोठा देऊ शकत नाही. १८७७ साली ॲना सूएल या आजारी बाईची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत घोडाच आपली कहाणी सांगतो. ती वाचून ॲन लिंडो या बाईने १८८६ साली लंडनजवळ थकलेल्या घोड्यांसाठी विश्रांतिगृह काढले. त्यातला विचार मोठा व्यवहारी होता. गरीब गाडीवानाचा घोडा थकला की तो विश्रांतीला ठेवून घ्यायचा. घोड्याला सुटी मिळावी, पण गाडीवानाच्या मुलांना उपास घडू नये, ही दृष्टी तेथेही होतीच. पुढे १९२७ साली ॲडा कोल या बाईंनी, म्हाताऱ्या घोड्यांना जहाजात कोंबून युरोपातल्या खाटकांकडे पाठवण्याच्या व्यापाराविरुद्ध संस्था काढली. ती संस्था आजही आहे, आणि सोडवलेला घोडा कुटुंबाला देताना ती एक शहाणपण पाळते. घोडा देते, पण मालकी देत नाही. तिची माणसे अधूनमधून येऊन घोडा पाहतात, आणि त्या घरावर अडचण आली तर घोडा बाजारात न जाता संस्थेकडे परततो. लेकीला सासरी दिली तरी माहेरचा दरवाजा उघडा ठेवावा, तसे हे आहे. ज्याला परत यायला जागा आहे, त्याचेच घर कायमचे म्हणायचे.

या कथेत बायकाच पुढे कशा, असे कोणी विचारील. लढाया पुरुषांनी केल्या, हिशेब पुरुषांनी मिटवले; जे हिशेबात बसले नाही त्याची आठवण या बायकांनी ठेवली, एवढेच मी म्हणेन.

मग आपल्याकडे काय? आपली परंपरा या बाबतीत दरिद्री नाही. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या, दोघांच्याही औषधोपचाराची व्यवस्था नोंदवली आहे. शालिहोत्राचे अश्ववैद्यक इतके रुजले की, आपल्या मराठीत घोड्याच्या वैद्याला ‘सलोत्री’ हाच शब्द पडला. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर घोड्याची पूजा होते. मुंबईत १८३२ साली कुत्र्यांच्या कत्तलीवरून दंगल झाली, आणि दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई प्रभृतींनी पांजरपोळ स्थापिला. १८७४ साली मुंबईत प्राणिरक्षक संस्था निघाली. त्याच वर्षी घोड्यांची ट्रामही सुरू झाली. परळला दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावे पशुरुग्णालय उभे केले आणि त्याच्या आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे कैरोला रुग्णालय होण्याच्या अर्धशतक आधी ते मुंबईला होते.

पण पूजा एक दिवसाची आणि वैरण रोजची, हा भेद आपल्यालाही सुटलेला नाही. आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांना गावच्या स्टेशनाबाहेरचा टांग्याचा अड्डा आठवत असेल. रिक्षा आल्या, टांगे गेले. टांगेवाल्यांचे काय झाले याची कोणी चौकशी केली नाही. घोड्यांचे काय झाले हा प्रश्न तर कोणाला सुचलाही नाही. मुंबईच्या व्हिक्टोरियांचे प्रकरण त्या मानाने अलीकडचे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांची अवस्था आणि तबेल्यांची दशा न्यायालयापुढे आली होती. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. मालक-चालकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही त्याने शासनाला बजावले. २०२१ मध्ये तशाच घाटाच्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईच्या रस्त्यावर आल्या. गाडी राहिली, घोडा सुटला. सुटलेला घोडा कोठे बांधायचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो. आणि तो निकालपत्राने सुटत नाही, कोणाच्या तरी अंगणात सुटतो. माथेरानच्या लाल मातीवर आजही घोडे चालतात. लग्नाच्या वरातीत आजही घोडा नाचवतात. वरात संपल्यावर तो घोडा कोठे जातो, हे आपण पाहिले आहे काय?

ब्रूकबाईंचे मोठेपण दयेत नव्हते. दया वाटणारी माणसे कैरोत त्यांच्याआधीही असतील. त्यांनी तीन गोष्टी केल्या. जे दिसत नव्हते ते शोधून पाहिले. घोड्याबरोबर त्याच्या मालकालाही मोजले. आणि आपण घेतलेल्या सेवेचे ऋण ज्यांच्याकडून घेतले त्यांना फेडणे अशक्य झाले, तेव्हा ते दुसऱ्यांना फेडले. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. ज्या पशूंच्या पाठीवर बसून आपला इतिहास येथवर आला, त्यांचे ऋण या यादीत कोणी घातले नसेल, तर ते आपण घालावे. आणि ते ऋण फेडण्यास इजिप्तला जाण्याची गरज नाही. वेशीबाहेरच्या उकिरड्यावर चरणारे एखादे सोडून दिलेले तट्टू आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच्या अंगावर सरकारी डाग नसेल. पण जू आणि साज यांचे वळ मात्र नक्की सापडतील. ते आपल्याच कामाचे आहेत.